लाँचनं मुंबईला जायचंय? तुमचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

थंडी सुरू झाली की या सदराला मुंबईचे प्रश्न यायला लागतात. यंदा त्यातले बरेचसे बोटीचे आहेत, मांडवा, घारापुरी, भाऊचा धक्का वगैरे, म्हणून सगळे एकत्रच घेतलेत. तिकिटांचे दर मुद्दाम देत नाहीये, ते बदलत राहतात, बुकिंग करताना बघून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही रोह्याजवळ राहतो. नाताळच्या सुट्टीत सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा असे सगळे मुंबई बघायला निघतोय. मुलांना मांडव्याहून बोटीनंच जायचंय आणि मिस्टर म्हणतात गाडी काढू, कुठे ती बोटीची दगदग. दोन दिवस हातात आहेत, रात्री भायखळ्याला नणंदेकडे मुक्काम. सासूबाईंचे गुडघे दुखतात. काय काय बघून होईल आणि कसं जावं?

बोटीनंच जा हो. मिस्टरांना सांगा, दगदग बोटीत नाही, वडखळ-पनवेल-वाशी करत ट्रॅफिकमधून सरकण्यात आहे, आणि एवढं करून मुंबई आधी दिसते ती फ्लायओव्हर आणि होर्डिंगची. हे शहर बंदरामुळे वाढलं, त्याचं दार समुद्राकडे आहे, त्यामुळे पाण्यावरून आलं की ते समोरून दिसतं. आणि सोयीचं म्हणाल तर मांडव्याहून साधारण तासाभरात तुम्ही थेट गेटवेला उतरता, तिथून म्युझियम, काळा घोडा, फोर्ट सगळं हाकेच्या अंतरावर. दोनच दिवस असताना हा वाचलेला वेळ फार मोठा असतो.

अलिबागहून मांडव्याला न्यायला काही बोट कंपन्यांची बस तिकिटातच धरलेली असते, तिचं आधी विचारून घ्या. सकाळी लवकरची बोट पकडा कारण हिवाळ्यात सकाळी समुद्र शांत असतो, दुपारनंतर वारा सुटतो, बोट उडायला लागते आणि अंगावर पाणी येतं. २५ आणि ३१ डिसेंबरला गेटवेकडे फिरकूच नका, वयस्कर माणसं आणि लहान मूल घेऊन त्या गर्दीत शिरण्यात काही अर्थ नाही.

बोटीतला तास फुकट घालवू नका ही माझी कळकळीची विनंती. मुलांना खिडकीशी बसवा आणि मोबाइल बॅगेत ठेवा. मांडव्याहून निघालात की उजव्या हाताला उरणची बाजू, त्यापुढे जेएनपीटीच्या उंच क्रेन दिसतात, हे बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांमधलं बरंच काम तिकडे गेलं. मध्ये समुद्रात मोठाली जहाजं नांगरून उभी असतात. त्यातलं एखादं जवळून गेलं तर त्याच्या पुढच्या टोकाला पाण्याजवळ एकावर एक रंगवलेले आकडे नीट बघा, जहाज पाण्यात किती बुडालंय त्याचं ते माप असतं. माल भरलेलं जहाज खोल बसतं आणि खालचे आकडे पाण्यात जातात, रिकामं जहाज उंच तरंगतं आणि त्याचा एरवी पाण्याखाली असणारा वेगळ्या रंगाचा पट्टा उघडा पडतो. मुलीला विचारत राहा, हे भरलेलं की रिकामं? एकदा तिला हे कळलं ना की ती पुढचा सगळा वेळ त्यातच रमेल. डाव्या हाताला कुलाब्याचं टोक आणि त्याच्यापुढे पाण्यात उभं असलेलं प्राँग्सचं दीपगृह दिसेल. मग हळूहळू ताजचा घुमट आणि त्याच्या शेजारी गेटवेची कमान मोठी होत जाते. नौदलाची जहाजं दिसतील, त्यांचे फोटो मात्र काढायचे नाहीत.

सासूबाईंसाठी एक गोष्ट आधीच सांगते. गेटवेला दगडी पायऱ्यांवर उतरावं लागतं आणि ओहोटी असेल तर खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर शेवाळ असतं, शिवाय कधीकधी आपली बोट दुसऱ्या बोटीच्या बाहेर लागते आणि एका बोटीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. खलाशी हात देतात, तो हात घ्यायचा, संकोच करायचा नाही. सगळी गर्दी उतरू दे, मग सावकाश उतरा. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशेब सासऱ्यांना बहुतेक ठाऊक असेल, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाला भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब नाही हा, पण बोट कुठली घ्यायची हे ठरवायला पुरतो.

उतरल्यावर लगेच टॅक्सी करू नका, थोडा वेळ कमानीखाली थांबा आणि मुलांना सांगा, राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये इथे उतरले त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली, पण ते आले तेव्हा ती उभी नव्हतीच, पुरी व्हायला १९२४ उजाडलं. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून चालत बोटीत जाऊन बसली आणि गेली. ज्यांच्या स्वागतासाठी बांधली त्यांनाच तिथून निरोप दिला, हे ११ वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं. समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी बसवलेला.

मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. चालत दहा-बारा मिनिटं, सासूबाईंना टॅक्सी. तिथे सगळं बघायचा हट्ट नको, मोठ्यांना शिल्पं आणि लघुचित्रं, मुलांना प्राणी-पक्ष्यांचा विभाग, बस्स. तिकडे जाताना मुलांना इमारतीच्या दगडाला हात लावायला सांगा. काळसर निळा दगड कुर्ल्याच्या खाणीतला, पिवळट दगड मालाडचा. हा पिवळा दगड पुढे फोर्टात ठिकठिकाणी भेटतो, मुलं आपणच ओळखायला लागतात. या इमारतीचा आणि गेटवेचा वास्तुकार एकच, जॉर्ज विटेट, आणि इथला घुमट त्याला विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला.

जेवून जरा विसावा घ्या. दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेला सावलीत बसलात तर एका जागेवरून दोन मुंबया दिसतात, एका अंगाला १८७८ चा राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट अशा टोकदार शिखरांच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला १९३०-४० च्या सुमाराच्या गोलसर गॅलऱ्यांच्या, फिक्या रंगांच्या इमारती. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसल्या जागी एवढं दाखवणारी दुसरी जागा मुंबईत मला तरी माहीत नाही.

संध्याकाळी सीएसएमटी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं आराखडा केला, काम १८७८ ला सुरू झालं आणि १० वर्षं चाललं. लोक समोर उभे राहून सेल्फी काढतात आणि निघतात, तसं करू नका. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय, सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली आहेत, ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची. मुलाला म्हणावं प्राणी मोज. मग तिथूनच सुटणारी एसी डबल डेकर बस मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढे बसून एक फेरी मारा, मुलांना दिवसभरातलं हेच सगळ्यात जास्त लक्षात राहील कदाचित, आणि राहू दे की. भायखळ्याला जायला संध्याकाळच्या गर्दीत लोकल नको, तुम्ही सहाजण आहात, दोन टॅक्सी करा.

दुसऱ्या दिवशी लांब कुठे जाऊच नका. भायखळ्यालाच राणीची बाग आहे आणि तिच्या आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं, आतल्या कमानी आणि सोनेरी नक्षी बघून सासू-सासरे खूश होतील. दोन्ही बुधवारी बंद असतात, तो वार टाळा. बाग झाली की परत गेटवेला जायची गरज नाही, भायखळ्याहून भाऊचा धक्का जवळ आहे, तिथून मांडव्याला रो-रो सुटते, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट. ती मोठी असते, हलते कमी, चढउतार सोपी, दोन दिवस फिरून दमलेल्या गुडघ्यांना तीच बरी. म्हणजे जाताना गेटवे आणि येताना भाऊचा धक्का, बंदराची दोन्ही टोकं झाली.

मंत्रालय, जुहू, सिद्धिविनायक, मॉल, हे सगळं यात नाही हे मला कळतंय. नसू दे. ६ वर्षांचं मूल आणि वयस्कर माणसं घेऊन रोज पाच-पाच ठिकाणं केली तर शेवटी सगळ्यांना फक्त टॅक्सीची सीट आठवते.

प्रश्न : मला बोट लागते. मागे एकदा मुरूड-जंजिऱ्याच्या होडीत सुद्धा त्रास झाला होता. पण यंदा ऑफिसच्या मैत्रिणींच्या फॅमिल्या मिळून मांडव्याहून जायचं ठरलंय आणि मला मागे राहायचं नाहीये. काही उपाय?

मागे राहू नका, बऱ्याच जणांना लागते आणि बऱ्याच जणांचं साध्या गोष्टींनी भागतं. बोट लागते ती कान आणि डोळे वेगवेगळं सांगायला लागले की. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय आणि डोळे समोरच्या सीटकडे बघून म्हणतात कुठे काय, सगळं स्थिर आहे, त्यातून मळमळ सुरू होते. म्हणून नजर बाहेर लांब क्षितिजावर ठेवायची, मोबाइल आणि पुस्तक अजिबात नाही. बसायचं बोटीच्या मध्यावर, कारण पुढचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं आणि मागे डिझेलचा वास येतो. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका, सकाळी दोन पोळ्या-भाजी किंवा उपमा इतपत. आल्याचा तुकडा किंवा आलेपाकाची वडी तोंडात धरली तर पुष्कळांना बरं वाटतं. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, शिवाय या गोळ्यांनी झोप येते हे ध्यानात ठेवा. आणि मुख्य म्हणजे सकाळची बोट घ्या. परत येताना दुपारनंतर पाणी उसळतं तेव्हा मैत्रिणींना सांगून सगळ्यांनीच रो-रोनं या.

प्रश्न : आमच्या आई डिसेंबर २०२४ च्या बोट अपघातापासून मुलांना बोटीत बसवायचं नावच काढू देत नाहीत. त्यांचं चुकतंय असंही म्हणवत नाही. काय करावं?

त्यांचं अजिबात चुकत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं गेली, त्यात घरच्यांसोबत फिरायला आलेली होती, मुलंही होती. ते व्हिडिओ ज्यांनी बघितले त्यांच्या डोळ्यांसमोरून ते जात नाहीत. तेव्हा आईंना 'काही होत नाही हो' असं सांगू नका, त्यानं भीती कमी होत नाही. त्यांना सांगा की आपण काय काय बघून मगच पाय ठेवणार आहोत.

लाइफ जॅकेट बोट सुटायच्या आधी घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही. त्या अपघातानंतर गेटवेला यावर सक्ती आली, पण सक्ती असो नसो, आपलं आपण घालायचं. मुलांना मुलांच्या मापाचंच मागून घ्या, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. घातल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर गेलं तर ते सैल आहे, पट्टे आवळा. मोठा पट्टा पायांमधून घ्यायचा असेल तर तोही घ्या. बोटीवर किती प्रवासी चालतात याची पाटी असते, ती वाचा, आणि डोळ्यांना गर्दी जास्त वाटली तर सरळ उतरा आणि पुढची बोट घ्या, तिकीट वाया गेलं तर जाऊ दे. वरच्या डेकवर सगळे एकाच बाजूला फोटोसाठी धावले की बोट कलते, आपल्या मुलांना तेवढं शिकवून ठेवा. सीगलना खायला घालायला कठड्यावर वाकणारी मुलं मी बघते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, पाखरांना ते खाणंही बरं नाही आणि मुलांना ते वाकणंही.

एवढं सगळं ऐकूनही आई नाहीच म्हणाल्या तर त्यांना जबरदस्ती करू नका. त्यांना भाऊच्या धक्क्यावर नेऊन रो-रो एकदा नुसती बाहेरून दाखवा, तिचा आकार बघून कधीकधी मन वळतं.

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे. मुंबईला येतोय तर घारापुरी करावी असं माझं मत, पण आठवीतला मुलगा म्हणतो लेण्यात काय बघायचं, दगड तर दगड. अर्धा दिवस जाणार म्हणतात. खरंच जावं का?

जावं, आणि मुलाला घेऊनच जावं. फक्त सोमवारी नको, सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून लाँचनं सुमारे तासभर, म्हणजे येऊन-जाऊन आणि बघून अर्धा दिवस धरायचाच. पहिल्या-दुसऱ्या लाँचनं निघालात तर ऊन चढायच्या आत वर पोचता आणि लेण्यात गर्दी नसते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. वयस्कर कोणी असेल तर खुर्चीतून वर नेणारे असतात, भाव आधी ठरवा. माकडं हातातली पिशवी हिसकावतात, खायचं उघडं धरू नका.

आता मुलाच्या 'दगड तर दगड'चं. बाहेरच्या उन्हातून आत शिरलात की पहिल्यांदा काहीच दिसत नाही, आणि बरेच लोक याच वेळात एक चक्कर मारून बाहेर पडतात. तसं करू नका. एखाद्या खांबाशी दोन-चार मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग मागच्या भिंतीतून ती मोठी त्रिमूर्ती हळूहळू पुढे येते, जवळजवळ २० फूट उंच, तीन मुखांचा सदाशिव. मधलं मुख मिटल्या डोळ्यांचं, शांत. एका बाजूचं उग्र, मिशा असलेलं आणि हातात साप धरलेलं, दुसऱ्या बाजूचं कोवळं, बाईसारखं, हातात कमळ. एकाच माणसात हे तिन्ही असतं ना, हे आठवीतल्या मुलाला सांगावं लागत नाही.

त्याच्या शेजारी अर्धनारीश्वर आहे, तिथे मुलाला जरा जास्त वेळ उभं करा. उजवं अंग पुरुषाचं, त्याचा हात नंदीवर टेकलेला, डावं अंग स्त्रीचं, तिच्या हातात आरसा. एकाच शरीराच्या दोन बाजूंची कंबर वेगळी, खांदा वेगळा, उभं राहणं वेगळं, आणि तरी कुठे जोड दिसत नाही. आणि मग त्याला सांगा की यातलं काहीही बाहेरून आणून बसवलेलं नाही. डोंगर होता, तो कोरत कोरत आत गेले, खांब आहेत तिथे दगड सोडला आणि बाकीचा काढून टाकला. हे सहाव्या शतकाच्या आसपासचं काम आहे. एक चुकीचा घाव बसला तर परत चिकटवायची सोय नाही. याचा विचार करत तो परत एकदा खांबांकडे बघेल बघा. पूर्वेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय असं शिल्प आहे, फार मोडलंय, पण वर बसलेल्या मंडळींची उडालेली धांदल अजून कळते.

तोडफोड बरीच दिसेल, मुलगा विचारेल हे कोणी केलं. पोर्तुगीजांच्या काळात बरंच नुकसान झालं. बेटावर उतरायच्या जागी पूर्वी एक मोठा दगडी हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो हत्ती इंग्लंडला न्यायला उचलला आणि खाली पडून त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून हत्ती परत उभा केला आणि तो आज मुंबईतच आहे, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी मुलाला तिथे न्या आणि सांधे शोधायला सांगा.

एक विनंती, बेटावर गावं आहेत, माणसं राहतात, त्यांच्या घरी कायमची वीज २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकली तेव्हा आली. पाण्याची बाटली आणि कचरा आपला आपण परत आणा.

प्रश्न : ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या येतात, तेव्हा मांडव्याहून गेटवेला बोट मिळेल का?

नाही. पावसाळ्यात साधारण जूनपासून ऑगस्ट अखेरपर्यंत गेटवे-मांडवा बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो चालू असते, पण हवामान बिघडलं तर तीही ऐनवेळी रद्द होते, म्हणून एसटीचा किंवा गाडीचा पर्याय हाताशी ठेवूनच निघा.

प्रश्न : माझे आजोबा जयगडहून बोटीनं मुंबईला आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले, गिरणीत लागले. ते आता नाहीत. माझ्या मुलींना ती वाट दाखवायची इच्छा आहे. तिथे आता बघण्यासारखं काही उरलंय का?

दादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण मुंबई दाखवायची ही रीत मला सगळ्यात जवळची वाटते. कोकणातल्या घराघरात ही वाट आहे आणि मुलांना ती कोणी दाखवत नाही.

आधी मुलींना धक्क्याबद्दल सांगा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना लोक भाऊ म्हणायचे, त्यांनी १८४१ च्या सुमारास हा धक्का बांधला. त्याआधी उतारूंना चिखलातून, होडीतून, जमेल तसं काठाला लागावं लागायचं. म्हणजे ज्या दगडावर पाय ठेवून लाखो कोकणी माणसं मुंबईत शिरली ती सोय एका मराठी माणसानं केली, आणि नाव त्याच्या पदवीचं नाही, किताबाचं नाही, नुसतं 'भाऊ'. तुमच्या आजोबांच्या वेळी बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच ठिकाणी ती काठाला लागायचीच नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं तिच्यापर्यंत न्यायचे. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याकडून हे आत्ताच ऐकून रेकॉर्ड करून ठेवा. 'रामदास' बोटीचं नावही त्यांच्याकडून निघेल. १७ जुलै १९४७ ला ती भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली, आषाढातली अवस होती, सणाला घरी जाणारी माणसं भरलेली, आणि भर पावसात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगडातल्या कितीतरी गावांत त्या अवसेला अजून ते नाव निघतं.

आता तिथे काय आहे ते सांगते. सकाळी लवकर गेलात तर मच्छीचे ट्रॉलर लागलेले असतात, टोपल्या उतरतात, कोळणी भाव करत असतात, बर्फाचा खच पडलेला असतो. पायात जुन्या, घट्ट बसणाऱ्या चपला घाला, जमीन ओली असते, आणि हातगाड्यांना वाट द्या, ती माणसं कामात असतात. कोणाचा फोटो काढायचा तर विचारून. हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळचं, तिथून टॅक्सी.

मग तिथूनच मोऱ्याला किंवा रेवसला जाणारी लाँच पकडा. पर्यटकांची नाही, रोज कामाला जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांची लाँच. लाकडी बाक, भाजीच्या पाट्या, मोटरसायकली, शाळा-कॉलेजची मुलं. तिच्यातून परत येताना मुलींना पुढे उभं करा, म्हणजे आजोबांना मुंबई जशी समोर येताना दिसली तशीच त्यांना दिसेल, आता तिच्यात टॉवर भरपूर वाढलेत आणि उजव्या अंगाला २०२४ मध्ये झालेला अटल सेतू लांबलचक पसरलेला दिसतो, तरी दिशा तीच आहे. या लाँचना ओहोटीत गाळामुळे अडचण होते आणि फेऱ्या थांबतात, म्हणून जाण्याआधी त्या दिवशीची वेळ विचारा, नाहीतर पलीकडे अडकाल.

परत आलात की लालबाग-परळ. गिरण्या राहिल्या नाहीत, १९८२ चा संप झाला आणि त्यानंतर एकेक करत बंद पडत गेल्या, पण काही ठिकाणी टॉवरच्या मध्ये उभी असलेली जुनी चिमणी अजून दिसते. आजोबा ज्या चाळीत राहिले तिचं नाव घरात कोणाला आठवत असेल तर तिथे जा. चाळ पडली असेल तरी नाका असतो, देऊळ असतं, गणपतीचं मंडळ असतं. मंडळाच्या ऑफिसात जाऊन गावाचं आणि आजोबांचं नाव सांगा, ओळखणारं कोणीतरी निघतंच. गावच्या खोल्या म्हणून जिथे एकेका गावची माणसं एकत्र राहायची, त्यातल्या काही अजून आहेत, तुमच्या गावची कुठे होती ते गावच्या मंडळाला विचारून या.

प्रश्न : रो-रोवर गाडी चढवून मुंबईत नेली तर फिरायला सोपं पडेल ना? आम्ही पाचजण आहोत.

दक्षिण मुंबईत फिरायचं असेल तर उलट अवघड पडेल. कुलाबा, फोर्ट, काळा घोडा या भागात गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मा दिवस जातो आणि उरलेला दिवस ती उचलून तर नेली नसेल ना या काळजीत. गाडी मांडव्याला पार्किंगमध्ये ठेवा आणि मोकळ्या हातांनी जा. टॅक्सी आहेत, बस आहेत, आणि आता कफ परेडपासून भुयारी मेट्रो पण पूर्ण सुरू झालीय, चर्चगेट, सीएसएमटी, गिरगाव सगळं तिच्यावर येतं, एसी आहे आणि लिफ्ट आहेत. सामान असेल तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, बॅगेला कुलूप मात्र हवं.

मुंबई करून तसंच पुढे नाशिकला किंवा गुजरातकडे जायचं असेल तर गाडी रो-रोवर नेण्यात फायदा आहे, पनवेलचा वळसा वाचतो. तेव्हा गाडीची जागा आधी बुक करा, शनिवार-रविवारी आयत्या वेळी मिळत नाही, आणि सुटायच्या बऱ्याच आधी धक्क्यावर पोचा कारण गाड्या ओळीनं आत घेतात.